दुसरी गिटार

७ जून १९८९, बुधवार

आज आलं ते असं —

एक गिटार, वापरलेली, फ्रान्सहून, लाकडी पेटीत — ३,२०० रु.
मुंबईत सोडवून घेतली, जकात धरून — ८४० रु.
स्टेशनवर हमाली — ५ रु. (सात मागत होता.)
रिक्षा, स्टेशन ते गारखेडा — १८ रु.
तारांचे चार संच, कॅसेट तीन, एक नखी — भेट.
एकूण ४,०६३ रु.

ओट्यासाठी साठवलेले चार हजार होते. वरचे त्रेसष्ट किराण्यातले गेले. एकतीस वर्षं जमिनीवर बसून भाकरी थापली, यंदा उभ्यानं थापीन म्हणत होते. — बसा आता!

ह्यांना विचारलं तर म्हणे, "अगं, मादाम क्लेरनं स्वतःची दिली. अशी गिटार अख्ख्या मराठवाड्यात नाय." नसेलच. कोण रडत होतं तिच्यावाचून? मादाम क्लेर म्हणजे ती फ्रेंच बाई. दर हिवाळ्यात येते, वेरूळ-अजिंठ्याला बसून चित्रं काढते. हे तिचे गाईड. फ्रेंच बोलणारा गाईड म्हणून ह्यांना मान फार. पैसा त्या मानानं नाही. मागच्या खेपेला तिनं एक कॅसेट दिली, तेव्हापासून घरात दुसरं काही वाजलेलं नाही. तिकडचे भटके लोक, गाड्या घेऊन हिंडतात, जिप्सी — त्यांचं जाझ म्हणे.

मी म्हटलं, "त्यांनी घरदार नसताना वाजवलं. तुम्ही घरदार मोडून वाजवा."

हसले. चोपन्नाव्या वर्षी माणूस असा पोरासारखा हसला की मला भीतीच वाटते.

११ जून, रविवार

ती भेट आलेली नखी कासवाच्या पाठीची निघाली! देवळात ज्याला हात लावून मग गाभाऱ्यात जायचं, त्याची पाठ सोलून तारा छेडायच्या? फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली. हे शोधताहेत. शोधू द्या.

२३ जून, शुक्रवार

निजामुद्दीनभाई आले. ह्यांचे उर्दू शाळेपासूनचे दोस्त. शहागंजात रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, शुक्रवारी बंद असतं. तरुणपणी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. आपली जुनी गिटार बरोबर घेऊन आले. तिला ते डब्बा म्हणतात. आवाजही डब्याचाच.

कॅसेट लावली. भाई डोळे मिटून ऐकत बसले. मग म्हणाले, "गाईडसाब, इसमें तबला नै. ढोल नै. कुछ बी नै. दूसरी गिटारइच ढोल है. एक नाचता, दूसरा जमीन होता."

हे म्हणाले, "मी नाचतो, तू जमीन हो."

"हौ. मगर जमीन होना लई मुश्किल काम है, साब."

मी आत चहा गाळत होते. मनात म्हटलं, भाई, जमीन कसं व्हायचं ते इकडं आत येऊन विचारा.

७ जुलै, शुक्रवार

ह्यांची लय पळते. गाणं सुरू करतात ते चालत आणि संपवतात ते धापा टाकत. भाई बिचारे मागून पळतात. मी भाकऱ्या करत होते, हात थांबला. आतूनच ओरडले, "पळताय!"

बाहेर वाजणं बंद. भाई हसले. ह्यांना राग आला. "ऐकायला काय लागतं? ये अन् वाजवून दाखव."

"दाखवीन."

"दाखव की मग!"

निजामुद्दीनभाई जाताना डब्बा इथंच ठेवून गेले. "मेरे घर में कौन बजाता? भाभी कू रखने दो." मस्करीत म्हणाले की खरंच, कळलं नाही.

१४ जुलै, शुक्रवार. आषाढी एकादशी

उपासाच्या दिवशी असलं काही शिवायचं नाही असं ठरवलं होतं. हे म्हणाले, "तारांत रेशीम असतं, पोलादावर रेशीम गुंडाळून वरून चांदीचा मुलामा." विश्वास ठेवला नाही. एक तुटकी तार ब्लेडनं खरवडून बघितली. खरंच रेशीम! पांढरे तलम धागे. रेशीम सोवळ्यात चालतं. मग काय, देवाचं आटोपलं, भगर खाल्ली आणि बसले. नखी म्हणून करवंटीचा तुकडा पाट्यावर घासून गुळगुळीत केला. भाईंनी हातात घेऊन बघितला, वाजवला, म्हणाले, "ये मेरेकु बी एक बनाके देव."

पण हात येत नाही. मारुतीच्या देवळात वर्षानुवर्षं टाळ धरला. टाळ पडतो समेवर, पहिल्या मात्रेवर. ह्या भटक्यांचा हात पहिलीला नुसता शिवतो आणि जोर टाकतो दुसरीवर. मग तिसरीला शिवतो, चौथीवर जोर. माझा हात दर वेळी पहिल्यावरच आदळतो. निम्मा जन्म झाला त्या जागी पडायला शिकून!

"भाभी, दो पे. चार पे. एक पे नक्को."

मी म्हटलं, "हे म्हणजे देव सोडून पुजाऱ्याला नमस्कार झाला."

"हौ. वैसाइच. इस बाजे में पुजारी बड़ा."

हे एवढे हसले की नखी पडली. मला हसू आलं नाही.

२२ जुलै, शनिवार

बोटांना फोड. मिरच्या वाटल्या. — देवा रे!

४ ऑगस्ट, शुक्रवार

आला. हात आला.

सकाळी निरांजन लावताना तोंडानं नाम चालू होतं, नेहमीचं. विठ्-ठल, विठ्-ठल. आणि एकदम लक्षात आलं, जोर कुठं पडतोय? 'ठल'वर! विठ् हलका, ठल भारी. म्हणजे जन्मभर तोंड दोनवर आणि चारवरच चाललं होतं, हातच तेवढा एकवर अडला होता. निरांजन तसंच ठेवून डब्बा घेतला. तोंडानं विठ्ठल, हातानं तारा. बसला की!

आणि एक कळलं. तार वाजली की लगेच बोट सैल करून तिचा आवाज मारायचा, नाहीतर सगळा चिखल होतो. भाई सांगून थकले होते. ते काय अवघड आहे? तापलेल्या तव्याला बोट लावून बघतो तसं. लावलं की उचललं.

दुपारी भाई आले, त्यांनी नुसतं ऐकलं. हे पहिली गिटार घेऊन बसले. मी लय धरली, हे वर वाजवायला लागले. पळायला गेले. मी गेले नाही. दोन पावलं पुढं गेले आणि परत आले. पुन्हा पळायला गेले, परत आले. एकतीस वर्षांत हा माणूस माझ्यासाठी एकदा तरी परत वळलेला आठवत नाही! आज सारखा वळत होता. त्यांची बोटं माझ्या हातावर टेकून टेकून चालत होती.

शेवटी हे म्हणाले, "आज गिटार चांगली लागली होती."

गिटार म्हणे.

२७ ऑगस्ट, रविवार

भागूबाई आली होती, भजनातली. शेजारच्या गल्लीत राहते, कान मात्र आमच्याच भिंतीला असतो. "काय वं बाई, म्हातारपणी बाजा? जावई कन्नड गावचा, त्याच्या कानावर गेलं तर?"

"गेलं तर कान धुवील."

"तसं नव्हं. आम्ही आपलं म्हंतो. बायामाणसानं मांडीवर काय घ्यावं? नातू घ्यावा."

नातू अजून नाही, हे तिला माहीत आहे. म्हणूनच म्हणाली. चहा दिला. साखर कमी घातली.

पण एक खरं. आता भजनात माझा टाळ चुकतो. काल समेवर हात पडेना, दोनवर पडला. सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. देवाची माफी मागितली. रात्री विचार केला, माफी मागताना तरी मनातून वाईट वाटलं का? नाही वाटलं. हे लिहून ठेवते.

२४ सप्टेंबर, रविवार

मादामला पाठवायला कॅसेट भरली. पितृपंधरवड्यात नवं काही करू नये म्हटलं, पण ऐकतो कोण. खिडकीला गोधडी टांगली, पंखा बंद, टेप पाटावर. तीन गाणी.

हे म्हणाले, "बांगड्या काढ. वाजतात."

"हात ओका करू? तुम्ही जिते असताना?"

मग मीच उजव्या हातातल्या काचेच्या बांगड्या कोपराकडं सरकवल्या आणि चिंधीनं आवळून बांधल्या. तरी तिसऱ्या गाण्यात एक निसटली आणि मनगटावर आली. जोर पडला की किण्, जोर पडला की किण्. मी थांबणार होते. ह्यांनी डोळ्यानं खुणावलं, थांबू नको. का तर गाणं चांगलं चाललं होतं. खरंच चाललं होतं. एवढं चांगलं पुन्हा वाजेल का माहीत नाही.

टपालखर्च ३१ रु. मी हू की चू केलं नाही.

२ नोव्हेंबर, गुरुवार

मादामचं पत्र. ह्यांनी उभ्या उभ्या वाचलं. "आवडलं म्हणते! डिसेंबरात येते, सोबत पंधरा माणसं. स्टेशन रोडच्या हॉटेलात एक संध्याकाळ आपलं वाजवणं ठेवणार."

आपलं, असं म्हणाले. मी नीट ऐकलं.

ब्लाऊजची उजवी बाही जरा सैल करून घेतली. दोन रुपये. भागूबाईला सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही. देवापुढं बसले तेव्हा मात्र नाम दोनदा चुकलं, लग्न ठरलं तेव्हाही असं झालं नव्हतं. शाळेत असताना गॅदरिंगला पडदा ओढायचं काम मिळालं होतं मला. पडद्याच्या पुढं कधी गेले नाही.

१९ नोव्हेंबर, रविवार

दुसऱ्या गिटारवर फारूख बसणार. निजामुद्दीनभाईंचा भाचा, लग्नात वाजवतो.

जेवताना सांगितलं. माझ्याकडं न बघता, ताटातल्या चटणीकडं बघून. "हॉटेल आहे. दारू पितात. कोंबडी शिजते. तुला तिथं पाणी तरी चालेल का? तुझं सोवळंच तुला आड येतं, मी काय करू?"

मी म्हटलं, "पाणी घरून नेईन."

"अन् लोक? गाईडची बायको साहेबलोकांपुढं बसून वाजवते, उद्या स्टँडवरचे बाकीचे गाईड काय म्हणतील?"

"घरात वाजवते तेव्हा काय म्हणतात?"

"घरात कोणाला माहीत आहे?"

खरं आहे. कोणाला माहीत आहे?

वर म्हणे फारूखला थोडं दाखव. दाखवलं. पोरगा चांगला आहे. चाची चाची करतो. पण हात लग्नातला, वरातीपुढं पळणारा. माझ्या मांडीवरचा डब्बा त्याच्या मांडीवर ठेवला आणि भाजी फोडणीला टाकायला उठले. फोडणी जळली.

९ डिसेंबर, शनिवार. एकादशी

गेले होते. मागच्या रांगेत खुर्ची दिली, मॅनेजरच्या बायकोशेजारी. पाण्याचा ग्लास आला, तो तिच्याकडं सरकवला.

हे पळाले. व्हायचंच होतं. पुढं हे, पाठोपाठ फारूख, दोघं धावताहेत आणि थांबवायला कोणी नाही. माझा उजवा हात पदराखाली मांडीवर आपोआप चालत होता. दोन, चार. दोन, चार. दोन गाण्यांनंतर तो हात मी डाव्या हातानं दाबून धरला.

टाळ्या भरपूर. पाहुणे लोक आहेत, भाजी आवडली तरी टाळ्या वाजवतील.

मग मादाम सरळ ह्यांच्याकडं आली. उंच बाई, पांढरे केस, पायात आपली कोल्हापुरी. इंग्रजीत बोलली, भाई आणि मॅनेजर उभे होते म्हणून. माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीला तेवढं कळतं. म्हणाली, "कॅसेटवर दुसरा हात होता. हा मुलगा नाही. आणि एक लहानशी घंटी होती, दोनवर आणि चारवर. ती कुठं आहे?"

हे म्हणाले, "घंटी? तो टेपमधला दोष."

"आणि तो माणूस?"

"तो... तो हैदराबादला गेला."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. निजामुद्दीनभाई आपल्या बुटांकडं बघायला लागले. मादामनं मला बघून हात जोडले, मीही जोडले. बांगड्या वाजल्या. गलका एवढा होता की त्या मलाच तेवढ्या ऐकू आल्या.

मग तिला ह्यांच्याशी आणि भाईंशी काही बोलायचं होतं. मला सांगितलं, रिक्षात जाऊन बस.

फारूख रिक्षापर्यंत डब्बा घेऊन आला. माझ्या पायाशी ठेवला. "चाची, आपका डब्बा बहोत भारी है. मेरे से उठा नै."

१० डिसेंबर, रविवार

हैदराबादला गेलेल्या माणसानं आज पहाटे उठून पाणी तापवलं. दशम्या केल्या. ह्यांचे चार सदरे धुतले. दुपारी पिठलं केलं. ह्यांना आवडलं.

१७ डिसेंबर, रविवार

नवलच! आठवडाभर मान वर न करणारा माणूस आज सीताफळं घेऊन आला. सीझन संपत आला, महाग असतील. विचारलं नाही. जेवण झाल्यावर डब्बा स्वतःच्या मांडीवर घेतला आणि म्हणाले, "जरा दाखव ना. दोन-चारवर हात कसा टाकतेस?"

"तुमची पहिली आहे की. एवढी महागाची."

"पहिली येते मला. दुसरी शिकायची आहे. खरी विद्या त्यातच आहे, आता कळलं."

एकतीस वर्षांत ह्यांनी मला काही शिकव म्हटलेलं नव्हतं. भात किती शिट्ट्यांनी होतो हेसुद्धा नाही. मन विरघळतं, काय करावं! वाटलं, हैदराबादची लाज वाटली असेल, तोंडानं बोलता येत नसेल, म्हणून हे असं. दाखवलं.

२८ डिसेंबर, गुरुवार

रोज संध्याकाळी बसतात. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता, पूजा उरकून मीही बसले. ह्यांचा हात येत नाही. पळतो. फारूखपेक्षा जास्त पळतो. आज शेवटी माझं गुपित सांगितलं. म्हटलं, तोंडानं विठ्ठल म्हणा, 'ठल'वर जोर द्या. म्हणाले. दोन ओळी बसल्या! लहान पोरासारखे माझ्याकडं बघून हसले. मी पण हसले. बऱ्याच दिवसांनी.

५ जानेवारी १९९०, शुक्रवार

हे अजिंठ्याला. निजामुद्दीनभाई आले, दारातच उभे. आत येईनात. "भाभी, मैं चुप बैठा. गलती करा. यारी में चुप बैठा."

म्हटलं, बसून बोला, चहा ठेवते. बसले. चहा घेईनात.

हॉटेलातल्या त्या संध्याकाळी मादाम काय म्हणाली ते सांगितलं. तिच्या गावी उन्हाळ्यात नदीकाठी असलं जाझ वाजवणारे जमतात, आठ दिवस. जाण्यायेण्याचं एक तिकीट ती देणार. एकच. "दूसरी गिटारवाले कू. बोली, पहिलेवाले हमारे गाँव में ढेर पड़े हैं. वो हैदराबादवाला मिला तो मेरेकु लिखो, बोली."

मी विचारलं, "मग हे काय म्हणाले?"

भाईंनी बशी दूर सरकवली. "साब बोले, दूसरी मैं बी बजाता. दो महिने में कॅसेट भेजता."

म्हणून सीताफळं!

भाई गेले. मी तशीच बसून राहिले. गेले तीन आठवडे, रोज संध्याकाळी, बोट कसं उचलायचं, करवंटी कशी धरायची, सगळं हातात हात धरून दिलं. विठ्ठलसुद्धा दिला मी ह्यांना. तोही त्यांनी घेतला.

६ जानेवारी, शनिवार

हे रात्रीच्या एसटीनं आले होते. सकाळी अंघोळ, पूजा, चहा झाल्यावर विचारलं. ओरडले नाही.

"मादाम कोणाला बोलावते आहे?"

कप खाली ठेवला. "भाई आला होता वाटतं."

"मी कोणाला बोलावते विचारलं."

"अगं, तू कुठं जाणार? विमानात तुझी एकादशी आली तर? तिथं बैलाचं मांस खातात. तू करमाडच्या लग्नात डबा घेऊन जाणारी बाई."

"विचारलं का तुम्ही मला?"

"विचारून काय झालं असतं? तू नायच म्हणाली असतीस."

"व्हय. नायच म्हणाले असते." मी म्हटलं. "लाखदा नाय म्हणाले असते. पण ते नाय माझं होतं. एवढं एकच माझं होतं, तेपण तुम्हीच म्हणून टाकलं."

खाली बघत म्हणाले, आणि हे खरं बोलले असं मला वाटतं, "नाय म्हणाली असतीस की नाय, काय भरवसा? त्या दिवशी गोधडी टांगून वाजवलं ना, तिसऱ्या गाण्यात तुझ्या तोंडाकडं बघितलं मी. तू घरात नव्हतीस. तू गेली असतीस. मग मी इथं कोणावर वाजवायचं?"

कोणावर म्हणाले. कोणाबरोबर नाही.

मी उठले. डब्बा कोनाड्यात ठेवला, तोंड भिंतीकडं करून.

१० जानेवारी, बुधवार

वाजवत नाही. ह्यांनी एकट्यानं दोनदा सुरू केलं, दोनदा थांबले. दारावरून जाता जाता भागूबाई म्हणते, "काय वं, बाजा बंद? करमंना आता." हिलाही करमेना! मग ऐकत होती तर.

१४ जानेवारी, रविवार. संक्रांत

तिळगूळ दिला ह्यांना. ह्यांनी हातात घेतला, खाल्ला नाही. "गोड बोल" म्हणायची हिंमत झाली नाही. मीही म्हणाले नाही.

दुपारी वाणाला बायका आल्या. हळदीकुंकू लावता लावता प्रत्येकीच्या कपाळापाशी माझी बांगडी किणकिणत होती. आणि मी लक्ष देऊन ऐकत होते. दोष नाही तो. बरोबर जागी वाजते.

नाय म्हणायचं ते आता कोणाला म्हणू? दोन दिवस स्वतःला विचारते आहे. उत्तर दर वेळी निराळंच येतं.

१६ जानेवारी, मंगळवार

मादामला फ्रेंचमध्ये पत्र घातलं. फ्रेंच घरात ह्यांनाच येतं, म्हणून मी सांगितलं आणि ह्यांनी लिहिलं. पहिल्याच ओळीला पेन थांबलं. मी म्हटलं, लिहा. लिहिलं. मला फ्रेंच कळत नाही, म्हणून खाली तेच सगळं माझ्या इंग्रजीत माझ्या हातानं लिहिलं. दोन्ही जुळलं नाही तर ती काय ते समजेल. नक्कल इथं —

"मादाम क्लेर यांस नमस्कार. कोणी हैदराबादला गेलेलं नाही. कॅसेटवरचा हात माझा आणि घंटी म्हणजे माझी बांगडी. ती काढता येत नाही. मी येईन. शिजवलेलं दुसऱ्याच्या हातचं खात नाही, पीठ आणि तवा मी आणीन. तुमच्या नदीकाठी मला एक वेगळा स्टोव्ह मिळेल काय, तेवढं माझ्या नावावर, मनकर्णाबाई या नावावर, उलट टपाली कळवावे."